धुराचा एक चमचा

परवा भाचा पुण्याहून आमच्या नगरला आला तो धुराच्या वासाची व्हिस्की घेऊन. बाटली उघडताच आतून सौ. ओरडली, "अहो, काही करपतंय का?"

तिचं काही चुकलं नाही. स्कॉटलंडच्या आयला बेटावर बार्ली सुकवताना पीट जाळतात, म्हणजे दलदलीत साचलेल्या वनस्पतींचं इंधन. तो धूर दाण्यात मुरतो आणि थेट बाटलीत उतरतो.

भाच्याने ओल्ड फॅशन्ड केलं, अख्खं ६० मिली धुराच्या व्हिस्कीचं. साखर, बिटर्स, संत्र्याची साल, सगळं गुदमरलं. मला आई आठवली. मठ्ठ्याला धुंगार देताना ती वाटीत निखारा ठेवून वर तुपाचा थेंब सोडायची आणि झाकण घालायची. निखारा कधी मठ्ठ्यात कालवला नाही!

दुसरा ग्लास मी केला. साधी व्हिस्की ५० मिली, धुराची एक चमचा. जमलं की! न्यूयॉर्कच्या सॅम रॉसने २००५ च्या सुमारास केलेल्या 'पेनिसिलिन'मध्येही हीच युक्ती आहे. साधी स्कॉच, लिंबू, आलं, मध आणि आयलाची व्हिस्की फक्त वरून, थोडीशी.

आमच्या काकांनी पिण्यापायी शेत घालवलं. त्यामुळे घरात लपून पिणं सगळ्यांनी पाहिलं, मोजून पिणं कुणीच शिकवलं नाही. म्हणून म्हणतो, प्यायचीच असेल तर बैठकीत, उजेडात आणि चमचा हातात घेऊन. न पिणाऱ्यांचं तर उत्तमच.

असो. उरलेली बाटली कपाटात आहे. भाच्याने न्यायला विसरू नये, अशी सौ.ची ताकीद आहे!