‘मेन्टेनन्स नाही’ म्हणून विकली जाणारी गाडी

वसई-विरारमध्ये इलेक्ट्रिक स्कूटरच्या कुठल्याही दुकानात शिरा, विक्रेत्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘साहेब, या गाडीला मेन्टेनन्सच नाही.’ त्याचे मुद्दे खोटे नाहीत. इंजिन ऑइल नाही, एअर फिल्टर नाही, प्लग नाही, क्लचप्लेट नाहीत. पण एवढ्यावरून तो जो निष्कर्ष काढतो, तो साफ चुकीचा, आणि आपल्या या किनारपट्टीवर तर धोक्याचा.

कारण इंजिन गेलं, पण हवा तीच राहिली. अर्नाळ्यापासून नायगावपर्यंत खारा वारा खिडक्यांचे गज खातो, तो सीटखालच्या तांब्याच्या जोडांना सोडेल होय? कनेक्टर उघडून पाहा, पिनांवर हिरवट थर दिसेल. त्या थरामुळे विजेच्या वाटेत रोध वाढतो, जोड तापतो, भोवतीचं प्लास्टिक मऊ पडतं. गाडी मात्र तोवर झकास चालत असते. पेट्रोलची गाडी बिघडण्याआधी खोकते, धूर सोडते. ही शेवटपर्यंत गप्प. म्हणून मे महिन्यात कनेक्टर साफ करून त्यांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून घ्यावं लागतं. याला मेन्टेनन्स नाही तर काय म्हणायचं?

ब्रेकचंही तसंच. मोटरच वेग कमी करते, म्हणून लायनर कमी झिजतात, हे खरं. पण कमी वापरलेला ड्रम गंजतो. आणि पंक्चर! हब मोटरच्या गाडीत मागचं चाक म्हणजेच मोटर. टायर ट्यूबलेस असेल तर पट्टी भरून काम भागतं. ट्यूबवाला असेल तर चाक उतरवण्याआधी मोटरच्या आणि सेन्सरच्या वायरी सोडवाव्या लागतात. हायवेवरचा पंक्चरवाला ते बघून हात झटकतो. त्याला कुणी शिकवलंच नाही, तर त्याचा तरी काय दोष?

‘बॅटरी आयपी 67 आहे, पाण्याची चिंता नको,’ असंही सांगतात. ती चाचणी एक मीटर स्वच्छ पाण्यात अर्ध्या तासाची असते. नालासोपाऱ्यात आचोळ्याला साचतं ते गटाराचं पाणी, आणि ते अर्ध्या तासात कधी ओसरलंय? जुलै 2018 मध्ये हा सगळा पट्टा दिवसचे दिवस पाण्यात होता. बुडालेली गाडी वाळलेली दिसली तरी तपासून घेतल्याशिवाय चार्जिंगला लावू नये आणि माणसांपासून लांब ठेवावी. गाडी विकताना हे सांगणारे थोडेच.

आता दुसरी बाजू. ‘ही गाडी नव्हे, बॉम्ब आहे’ असं म्हणणारेही काही कमी नाहीत, आणि त्यांच्या हाती वसईचाच दाखला आहे. सप्टेंबर 2022 मध्ये वसई पूर्वेला घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. शेजारी झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी दगावला. या घटनेपुढे कोरडा युक्तिवाद करू नये. पण तिच्यावरून कुणी पार्किंगमध्ये चार्जिंगला बंदी घालायला निघालं, तर ती बंदी उलटते. खाली पॉइंट दिला नाही की माणूस बॅटरी उचलून वर घरात नेतो, एक्स्टेन्शन बोर्डाला लावतो आणि झोपी जातो. मिक्सर पाच मिनिटं चालतो, चार्जर तासन्‌तास करंट ओढतो. ढिला सॉकेट नेमका तिथे तापतो. आग नको असेल तर खाली, मोकळ्या हवेत, अर्थिंग आणि एमसीबी असलेला पॉइंट द्या.

गाड्याही सगळ्या सारख्या नाहीत. डिसेंबर 2022 पासून एआयएस 156 चे कडक नियम टप्प्याटप्प्याने आले आणि बॅटरीच्या चाचण्या वाढल्या. पण ताशी 25 किलोमीटरच्या आतल्या, पासिंग न लागणाऱ्या गाडीचा कंट्रोलर बदलून ती पळवायला लावतात, तेव्हा बॅटरीवर पडणारा ताण कुठल्या कागदात येतो? चार्जर हरवला म्हणून ‘पिन बसते ना’ एवढंच पाहून दुसरा घेणारेही आहेत. पिन बसली म्हणजे व्होल्टेज जुळलं असं नव्हे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर एका इलेक्ट्रिक दुचाकी कंपनीविरुद्ध वर्षभरात 10,644 तक्रारी आल्या, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तिला नोटीस काढली. त्यांत सर्व्हिसिंग रखडल्याच्या तक्रारी भरपूर. ज्या गाडीला मेन्टेनन्स नाही, तिचं सर्व्हिसिंग रखडलं कुठून?

माझं म्हणणं असं की ही गाडी घ्यावी, जरूर घ्यावी. पण तिची देखभाल नाक्यावरच्या मेकॅनिकच्या हाती यायला हवी. आज बिघाडाचा कोड वाचायचा तर कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, आणि ते मिळतं तिच्याच सर्व्हिस सेंटरला. दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. तेवढ्याने गोखिवऱ्याच्या गॅरेजवाल्याच्या हाती काय पडलं? बॅटरीपॅक त्याने उघडू नये, हे मान्य. पण कनेक्टर, ब्रेक, बेअरिंग, हब मोटरचं चाक आणि चार्जरची तपासणी एवढं त्याला शिकवता येतं. पालघर जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये संध्याकाळची बॅच काढा, कंपन्यांना वायरिंगचे नकाशे मराठीत द्यायला लावा, आणि गाडीच्या बिलासोबत पावसाळ्याआधीच्या तपासणीचा कागद सक्तीचा करा. विक्रेता कुरकुर करील. ‘मेन्टेनन्स नाही’ हे वाक्य मग त्याला गिळावं लागेल ना.