दुसरा कर्नल

कर्नल म्हटलं की आपण फौजी सावधान होतो. मी बोलतोय संगणकातल्या कर्नलबद्दल. मेमरी, प्रोसेसर, डिस्क सगळं त्याच्याच हुकमात चालतं.

२०२३ मध्ये बातम्या आल्या की संरक्षण मंत्रालयात विंडोजऐवजी उबुंटूवर आधारलेली 'माया' येणार. छाती फुगली. पण पाटी बदलून स्वावलंबन येत नाही. रिक्रूटला रायफल दिली की ती खोलायला-जोडायला शिकवतात. मग लिनक्सचा सोर्स सगळ्यांना खुला असताना 'ते आयटीवाल्यांचं काम' असं आपण का म्हणतो?

काम अवघड नाही, वेळखाऊ आहे. जुन्या लॅपटॉपवर सोर्स उतरवा, चालू कर्नलची कॉन्फिग फाइल त्यात घ्या. मग 'मेक', 'मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल', 'मेक इन्स्टॉल'. जुना कर्नल मात्र पुसू नका. नवा उठला नाही तर ग्रब मेनूतून जुन्यावर परता. माघारीची वाट राखून चढाई करावी, हे फौजीला कुणी सांगायला नको.

मी रुआबांध्यातून लिहितोय. इथल्या भिलाई कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सोव्हिएत मदतीनं पेटली. आपली माणसं भट्टीपाशी उभी राहून शिकली, म्हणून पुढे विक्रांतच्या पोलादात भिलाईचाही वाटा आला.

'प्रत्येक जवानानं प्रोग्रामर व्हायचं का?' नाही. प्रत्येक जवान रायफल बनवतही नाही; पण साफ स्वतःच करतो. जे खोलता येत नाही, ते आपलं कसं? निवृत्त मंडळींनो, तुमच्याकडे वेळ आहे. येत्या रविवारी सुरुवात करा.