रिद्धपूरला विश्वाचं एक कपाट हवं

लीळाचरित्र अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात लिहिलं गेलं, 1278 च्या सुमारास. ते लिहिणारे म्हाइंभट मोठे पंडित. पण महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर यांच्या आठवणी मिळवायला ते गावोगाव हिंडले, ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना गाठून विचारलं आणि सांगणाऱ्यांत फरक पडला तर तो फरकही टिपून ठेवला. मराठी गद्याला ही खोड पहिल्याच ग्रंथापासून आहे.

विश्वाच्या जन्माची पुस्तकं वाचताना नेमकी हीच खोड आठवते, कारण त्यांत ती सहसा नसते. 13.8 अब्ज वर्षांपूर्वी महास्फोट झाला, मग अणू, मग तारे, मग आपण. सगळं पोथीसारखं सरळ. कोण कुणाशी भांडलं, कोण हरलं, याचा पत्ता नाही. अमरावतीत एका दुकानात ‘विश्वावर मराठीत काही आहे का’ म्हणून विचारलं, तर पोरगा म्हणाला, ‘सामान्य ज्ञान पाह्यजे का जी?’ त्याचंही चुकलं नाही. खपतं तेच.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर महास्फोट झाला की नाही या भांडणात स्वतः एका बाजूने उतरले होते. त्यांचे केंब्रिजचे गुरू फ्रेड हॉईल. ‘बिग बँग’ हे नाव हॉईलनीच 1949 मध्ये बीबीसी रेडिओवरून दिलं, आणि तो सिद्धांत जन्मभर मानलाही नाही. विश्वाला आरंभ नाही, ते प्रसरण पावतं आणि नवं द्रव्य तयार होत राहतं, हे त्यांचं म्हणणं. 1965 मध्ये पेंझियस आणि विल्सन यांना आकाशात सगळीकडून येणारी सूक्ष्मलहरींची प्रारणं सापडली आणि पारडं महास्फोटाकडे झुकलं. तरी 1993 मध्ये हॉईल, बर्बिज आणि नारळीकरांनी या स्थिर-स्थिती सिद्धांताची सुधारलेली मांडणी पुढे आणलीच. बहुतेक शास्त्रज्ञांना ती पटली नाही. माझ्या मते बहुतेकांचंच बरोबर होतं. पण हरणाऱ्या बाजूचा माणूस पुराव्याची उलटतपासणी कशी करतो, हे विजेत्यांच्या पुस्तकात शिकायला मिळत नाही. आणि हा माणूस ‘आकाशाशी जडले नाते’ थेट मराठीत लिहून गेला.

आरंभ नसण्याची गोष्ट लीळाचरित्रामागच्या महानुभाव तत्त्वज्ञानातही आहे: जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही पदार्थ अनादी. हे सांगितलं की कुणीतरी लगेच म्हणणार, ‘बघा, आमच्याकडे आधीच होतं!’ तसं काही नाही. तिथला प्रश्न मोक्षाचा आहे, दुर्बिणीचा नाही.

रिद्धपुरात 2024 पासून मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. तिथल्या ग्रंथालयात विश्वाबद्दलची भांडणंही सांगणाऱ्या पुस्तकांचं एक कपाट असावं, आणि वर्गात लीळाचरित्राच्या मागोमाग नारळीकरांची एखादी हकीगत लावावी. पश्चिमेला उगवलेल्या सूर्याची चालेल. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे 1,670 किलोमीटर वेगाने फिरतो, 60 अंश अक्षांशावर मात्र निम्म्याने. तिथे पश्चिमेकडे निघालेलं जेट विमान पृथ्वीच्या पुढे जातं, आणि नुकताच मावळलेला सूर्य पुन्हा वर येताना दिसतो. पुढची आकडेमोड पोरांनी वहीत करावी. रिद्धपूर 21 अंशांवर, म्हणजे ताशी 1,550 किलोमीटरहून जास्त वेग हवा. 2025 पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईला विमान जातं खरं, पश्चिमेकडेच जातं. पण ते पंख्याचं छोटं विमान. संध्याकाळी बसलात तर सूर्यास्त जरा लांबेल, बस्स.