तेजीत स्वातंत्र्य, मंदीत मायबाप?

येत्या जिल्हा बैठकीपुढे तालुक्यांकडून दोन ठराव आले आहेत. पहिल्यात म्हटले आहे की कापसाच्या आयात-निर्यातीत सरकारने लुडबूड करू नये, बियाण्यांवरची बंधने उठवावीत आणि शेतकऱ्याला त्याचा माल कोठेही, कोणालाही, पटेल त्या भावाने विकू द्यावा. दुसऱ्यात म्हटले आहे की सगळा कापूस आणि सगळी ज्वारी सरकारनेच हमीभावाने घ्यावी आणि त्याखाली जो व्यापारी खरेदी करील त्याला तुरुंगात टाकावे. दोन्ही ठरावांखालच्या सह्या पाहिल्या तर निम्म्याहून अधिक नावे तीच आहेत.

यात लबाडी आहे असे आम्ही म्हणत नाही. पहिला ठराव तेजीच्या आठवणीने लिहिला आहे, दुसरा मंदीच्या धसक्याने. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत. पण बैठकीने दोन्ही ठराव मंजूर केले तर आपण सरकारला काय सांगितले असे होईल? भाव चढला की बाजूला हो, उतरला की धावत ये. असे सालदाराला सांगता येते. सरकार सालदार नव्हे. एकदा घरात घेतले की ते खाटेवर बसते आणि धन्याला ओसरीवर उभे करते. हा आपल्याच मागच्या पिढीचा अनुभव आहे.

एकाधिकार खरेदी आठवावी. महाराष्ट्राने १९७१ साली कायदा केला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस घेण्याचा हक्क एकट्या सरकारी यंत्रणेकडे गेला. हेतू वाईट नव्हता. व्यापाऱ्याच्या काट्यातून आणि रुमालाखालच्या बोटांतून कास्तकाराची सुटका करायची, आणि हंगामाअखेर नफा राहिला तर त्याला बोनस द्यायचा. काही वर्षे बोनस मिळालाही. जुनी माणसे अजून त्याचे नाव काढतात. पण त्या बोनसची किंमत काय मोजली तेही आठवावे. आपल्या वावरातला, आपण वेचलेला कापूस राज्याबाहेर नेला की तो चोरटा माल ठरू लागला. यवतमाळ-नांदेडकडच्या कास्तकाराने पलीकडे आदिलाबादला भाव बरा आहे म्हणून गाडी जुंपली तर वाटेत नाका. केंद्रावर गाड्यांची रांग, बैलांचा कडबा रस्त्यावरच, ग्रेडरने मूठभर कापूस उचलून प्रत ठरवायची, आणि चुकारे कधी मिळायचे ते मुंबईने ठरवायचे. चढउतार निधी, भांडवल निधी अशा नावांनी कापून घेतलेला पैसा परत मागण्यासाठी मोर्चे काढावे लागले. १९८६ च्या डिसेंबरात हिंगोलीजवळ सुरेगावला कापूस आंदोलनात गोळीबार झाला आणि तीन शेतकरी हुतात्मा झाले. घामाचे दाम ते मागत होते, आणि ते मागायला त्यांच्यासमोर सरकारखेरीज दुसरे गिऱ्हाईकच ठेवलेले नव्हते. पुढे नव्वदीच्या शेवटी जगाचा भाव घसरला तेव्हा ही योजना तोट्यात रुतली आणि २००२ साली खाजगी व्यापाऱ्यांना दार उघडावे लागले.

ज्वारीवाल्यांना वेगळे सांगायला नको. साठ-सत्तरच्या दशकांतली लेव्ही आजही घराघरांत सांगितली जाते. सातबाऱ्यावरचे क्षेत्र पाहून पोत्यांचा आकडा यायचा, कणसे भरली की पोचट राहिली हे कोणी विचारायचे नाही. भाव सरकारचा, आणि ज्वारी जिल्ह्याबाहेर नेऊ म्हटले तर बंदी. तोही कारभार गोरगरिबांच्या नावानेच चालला होता.

भावाची जबाबदारी ज्याच्या गळ्यात घालावी तो भाव ठरवण्याचा अधिकारही घेतो. खरेदीची हमी देणारा आज ना उद्या विचारतो की तू पेरलेस काय, किती, आणि कोणाला विकलेस. हे दुष्टपणाने होत नाही. तिजोरी सांभाळणाऱ्या कोणत्याही माणसाला ते करावेच लागते.

हा विचार आज सुचलेला नाही, आणि त्याची सुरुवात आपल्यापासून फार लांबही झालेली नाही. जानेवारी १९५९ मध्ये नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि देशाची शेती संयुक्त सहकारी पद्धतीने करण्याचा ठराव तिथे झाला. जमीन कागदोपत्री तुमची, नांगर सगळ्यांचा, आणि हिशेब वरून. उत्तर प्रदेशचे चरणसिंग त्याच मांडवात या ठरावाविरुद्ध बोलले. राजाजी, आंध्रचे शेतकरी नेते एन. जी. रंगा आणि मिनू मसानी यांनी त्याच वर्षी जूनमध्ये मद्रासला स्वतंत्र पक्षाची घोषणा केली आणि ऑगस्टमध्ये मुंबईला अधिवेशन भरवले. राजेरजवाड्यांचा, शेठजींचा पक्ष म्हणून त्याची टिंगल झाली. ती सगळीच खोटी होती असेही नाही. पण सामुदायिक शेतीचे ते भूत देशाच्या मानगुटीवर बसले नाही, याचे थोडे श्रेय या माणसांना द्यावे लागेल. १९६७ साली त्यांचे ४४ खासदार लोकसभेत होते. लायसन्स-परमिट-कोटा राज हा शब्द राजाजींनीच रूढ केला. १९९४ साली शरद जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला तो त्याच वाटेवरचा.

राजाजींच्या विचाराचा अर्धाच भाग आपण उचलतो. सरकारचा हात आखडा, एवढाच. त्यांचा उरलेला अर्धा भाग असा होता की सरकारने हात आखडल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत माणसाने स्वतःचा धर्म, स्वतःचा शब्द आणि शेजाऱ्याची चाड घेऊन उभे राहायचे. ते सनातनी वळणाचे गृहस्थ होते; माणसाला आवर घालणारे काहीतरी हवेच, ते आतून नसेल तर बाहेरून पोलीस येणार, असा त्यांचा हिशेब. मद्रासचे मुख्यमंत्री असताना जून १९५२ मध्ये त्यांनी धान्यावरचे नियंत्रण आणि रेशनिंग उठवले. अधिकारी घाबरले होते, की व्यापारी धान्य दडपतील आणि लोक उपाशी मरतील. दिल्लीत अन्नमंत्री रफी अहमद किडवाई यांनी पाठिंबा दिला, आणि ती भीती खरी ठरली नाही. अर्थात याच राजाजींनी १९३७ साली सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली आणि बुडालेला महसूल भरून काढायला १९३९ मध्ये विक्रीकर बसवला. सरकारी हाताचा मोह असा, की भल्याभल्यांना सुटत नाही. आपल्याला तरी कसा सुटावा?

एवढे वाचून कोणी म्हणेल की या अंकात सरकारला मोकळे सोडले. तसे मुळीच नाही. सरकारच्या खात्यावर जे आहे ते पैन्‌पै मांडले पाहिजे. एप्रिल २०१० मध्ये कापसाची निर्यात रोखली. मार्च २०१२ मध्ये पुन्हा बंदी घातली, ओरड झाल्यावर ती मागे घेतली. २०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडी भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेले, तेव्हा एप्रिलमध्ये आयात शुल्क काढून टाकले. ऑगस्ट २०२५ मध्ये नवा कापूस घरात येण्याच्या तोंडावर ११ टक्के आयात शुल्क पुन्हा काढले आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव एका हाताने जाहीर करायचा, आणि दुसऱ्या हाताने परदेशी रुईला दार उघडून द्यायचे. यातून जे कर्ज अंगावर बसते ते शेतकऱ्याने केलेले पाप नाही. म्हणून त्याची ‘माफी’ हा शब्दच आम्हाला मान्य नाही. आणि ती माफीसुद्धा कशी? २००८ साली पूर्ण माफीला दोन हेक्टरांची अट लागली. पाच एकर ओलिताचा धनी सुटला, आणि सात-आठ एकर कोरडवाहू पऱ्हाटीवाल्याला चौथाईची सूट मिळाली, तीही उरलेले भरले तर. पाण्याचा आणि पावसाचा फरक दिल्लीच्या फूटपट्टीत नव्हता.

हे सगळे सरकारच्या खात्यावर. आता दुसरे पान उलटू या, आणि हे जरा जड जाणार आहे.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्याची पऱ्हाटी खाल्ली. सरकारने कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० रुपयांची घोषणा केली. त्यातले ६,८०० आपत्ती निधीचे होते. ८,००० विम्याचे आणि १६,००० बियाणे कंपन्यांकडून यायचे होते; म्हणजे जे आपल्या खिशात नाही ते सरकारने वाटून टाकले. त्यावर आपण मोर्चे काढले, बरोबर केले. पण बोंडअळी वाढली कशाने, हे आपल्याला ठाऊक नव्हते का? बीटीच्या पाकिटाबरोबर साध्या बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी यायची, ती आपण बांधावर फेकली. डिसेंबरात पऱ्हाटी उपटून वावर रिकामे करा असे विद्यापीठे ओरडून सांगत होती, आणि आपण चार बोंडांच्या आशेने फरदड मार्चपर्यंत उभी ठेवली. फरदडीतली अळी सातबारा विचारत नाही. शेजाऱ्याच्या वावरात जाते. ती उपटायला सरकारने दंडाचा कायदा करावा का? आमचे मत आहे, करू नये. आणि जे काम आपण शेजाऱ्याच्या भिडेने करणार नाही, ते एक दिवस तलाठी दंड लावून करून घेईल, याबद्दलही आम्हाला शंका नाही.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने वीसहून अधिक माणसे गेली. औषधे कोणी विकली, परवाने कोणी दिले, दवाखान्यांत काय सोय होती, हे सरकारला विचारलेच पाहिजे. पण पंप पाठीवर घेणाऱ्यांत रोजाने आलेले मजूरही होते. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, वारा तोंडावर, आणि अंगात फाटका सदरा. त्या माणसाला मास्क आणि हातमोजे कोणी द्यायचे होते? ज्याचे वावर त्याने. आम्ही सरकारकडे घामाचे दाम मागतो. आमच्या वावरात गाळलेल्या घामाचा हिशेब आम्हालाच द्यावा लागतो. या विषयावर आपल्या एकाही तालुका बैठकीत ठराव आला नाही, हे आम्ही मान खाली घालून लिहीत आहोत.

काट्यावर नेण्यापूर्वी गाडीवर पाण्याचा हात फिरवणारे महाभागही आपल्यातच आहेत. कापूस महामंडळाच्या केंद्रावर आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव आणि बारा टक्क्यांवर माल परत, हा नियम जाचक वाटतो खरा. पण ओल्या कापसामुळे अख्ख्या गावाचा माल संशयाने पाहिला जातो, तेव्हा कोरडा कापूस आणणाऱ्याचाही भाव जातो.

सरकारची वाट न पाहता आपण काहीच करू शकत नाही असे मात्र नाही. १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचे काम झाले. कायदा नाही, अनुदान नाही, सक्ती नाही. शंभर-शंभर कास्तकारांनी आपल्या वावराचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावे केला, आणि मग ते गाव लक्ष्मीमुक्त म्हणून जाहीर झाले. तलाठ्याकडे खेटे घातले, भावकीची टवाळी ऐकली, आणि केले. ज्या घरांत ते झाले तिथे पुढे कर्ता गेल्यावर बाईच्या हातात काहीतरी कागद होता.

याला उत्तर देणारे एक पत्र आमच्याकडे आले आहे आणि ते आम्ही बाजूला सारू शकत नाही. लिहिणारी बहीण दोन एकरांची धनीण आहे, नवरा नाही. ती म्हणते, तुमचे स्वातंत्र्य मोठ्यांचे. मला दिवाळीला पैसे लागतात, मी कापूस मार्चपर्यंत कुठे ठेवू? गावात टेम्पो घेऊन येणारा म्हणेल तो भाव मला घ्यावा लागतो. सरकारचे केंद्र असले तर निदान तो थोडा वचकतो.

तिचे खरे आहे. म्हणूनच दुसरा ठराव आम्ही फाडून टाका म्हणत नाही, दुरुस्त करा म्हणतो. सरकारने बाजारात जरूर उतरावे, पण गिऱ्हाईक म्हणून, फौजदार म्हणून नको. केंद्र वेळेवर, दिवाळीआधी उघडावे. चुकारे आठवड्यात द्यावेत. आणि ज्याला दुसरीकडे जास्त भाव मिळतो त्याची वाट अडवू नये. व्यापाऱ्याला तुरुंगात टाकण्याचे कलम गाळावे. त्या कलमाने पहिल्या दिवशी टेम्पोवाला गावात यायचा बंद होईल, आणि या बहिणीपुढे एकच दार उरेल, त्याच्यापुढे पुन्हा रांग असेल. ज्वारी-तुरीवर बाजार समितीत माल तारण ठेवून कर्ज मिळते. ते किती गावांनी वापरले, आणि गावातल्या दहा घरांनी मिळून कापूस एका जागी कोरडा ठेवून एकदम विकता येतो का, याचा विचार तालुक्यांनी करून यावा.

पहिल्या ठरावाला आमचा पूर्ण पाठिंबा आहे, एका जोडीसह. आयात-निर्यातीत ढवळाढवळ नको, हे भाव पडलेले असतानाही आपण म्हणू, असे त्यात स्पष्ट लिहावे. म्हणजे शुल्क वाढवून द्या अशी मागणीही मग आपल्याला जपून करावी लागेल. धोरण निदान पेरणीआधी जाहीर करा आणि हंगामात बदलू नका, एवढे मागणे या विचारात बसते. यावर बैठकीत भांडण होईल याची आम्हाला कल्पना आहे. व्हावे.

फरदड आणि फवारणी यांवर तिसरा ठराव संपादक मंडळातर्फे मांडला जाईल. तो सरकारला पाठवायचा नाही. प्रत्येक गावाने सह्या करून चावडीवर लावायचा आहे. गावप्रमुखांनी येताना आपल्या गावात किती वावरांत पऱ्हाटी उभी आहे त्याची यादी आणावी, स्वतःच्या वावरापासून सुरुवात करून. चर्चा लांबेल, तेव्हा भाकरी बांधून आणावी.