मोडांतलें स्फुरद

उसळीसाठीं मटकी भिजत घालून तिला मोड आणण्याचा परिपाठ आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. परंतु त्या ओलाव्यानें दाण्यांतील एक विकर जागें होतें, हें थोड्यांच्याच ध्यानीं असेल. त्याचें नांव फायटेज. धान्याच्या दाण्यांतील स्फुरदाचा सुमारें दोन तृतीयांश भाग फायटिक आम्लाच्या रूपानें जखडलेला असतो. हें विकर ती कडी काढतें.

गाईम्हशींना याची अडचण पडत नाहीं. त्यांच्या पोटांतील सूक्ष्म जंतूच तें काम करतात. कोंबडी व डुक्कर यांच्यापाशीं मात्र हें विकर नांवालाच असतें. मक्याबरोबर पोटांत गेलेलें बरेंचसें स्फुरद विष्ठेवाटे वायां जातें, आणि हाडें बळकट व्हावीं म्हणून पाळणाऱ्यास खनिज स्फुरद वरून विकत घालावें लागतें. घरांत कणगी भरलेली असतां शेजारीं उसनवारी करण्यासारखेंच हें! हॉलंडांत डुकरांच्या खतानें जमिनी स्फुरदानें तुडुंब झाल्या व पाण्यांत शेवाळें माजूं लागलीं. तेव्हां १९९१ सालीं तेथें बुरशीपासून मिळविलेलें फायटेज पशुखाद्यांत मिसळण्यास आरंभ झाला. आज जगभर कोंबड्यांच्या खाद्यांत तें घालतात. खनिजाचा खर्च वांचतो, विष्ठेंतील नासाडीहि घटते.

एवढी काटकसर कशासाठीं, असें कोणी विचारील. नत्र हवेंतून ओढून घेतां येतें. स्फुरदखतास खडकावांचून गति नाहीं. जगांतील ज्ञात सांठ्यांपैकीं सुमारें ७० टक्के मोरोक्को व पश्चिम सहारा येथें आहेत. उदेपुराजवळ झामरकोटड्यास आपली खाण आहे खरी, पण भारताची बहुतेक गरज परदेशच्या मालावरच भागते. आणि इतक्या दुरून आणलेलें खत आपण शेतभर मुठीनें फेकतों! दख्खनच्या चुनखडीयुक्त काळ्या रानांत तें चुन्याशीं बांधलें जातें. कोंकणच्या तांबड्या मातींत लोह व ॲल्युमिनियम त्यास धरून ठेवतात. पहिल्या पिकाच्या वांट्यास पंचमांशाहून फारसें अधिक येत नाहीं. स्फुरद मातींत आपणहून फारसें सरकत नसल्यामुळें मुळांनाच त्याच्यापर्यंत जावें लागतें. म्हणून दुचाडी पाभरीनें तें बियाण्याच्या बाजूस, किंचित् खालीं पेरलें असतां थोडक्यांत भागतें. यंत्रें पुष्कळ आलीं, पण या साध्या पाभरीइतका स्वस्त उपाय आम्हांस दुसरा दिसत नाहीं.

मागील सालांचें बांधलें गेलेलें स्फुरदहि सारें नष्ट होत नाहीं. हळूहळू सुटत राहतें. ज्यांची गांवीं जमीन आहे, त्यांनीं यंदा पोतीं मागविण्यापूर्वीं मातीचा नमुना जिल्ह्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेकडे पाठवावा. स्फुरद भरपूर असल्याचें आढळलें, तर त्या मानानें खताची मात्रा कमी करतां येते.