पांढरं म्हणजे नेमकं किती पांढरं?

नव्या टीव्हीचे रंग तज्ज्ञाकडून मोजून-जुळवून घ्यावेत का, म्हणजे त्याचं कॅलिब्रेशन करावं का, यावर दोन पक्ष आहेत. पहिला दुकानाच्या काउंटरवरच भेटतो: ‘कंपनीतूनच सेट होऊन येते, भाऊ. कायले हात लावता?’ दुसरा पुण्या-मुंबईच्या होम थिएटरवाल्यांचा. माणूस बोलावून, पडद्याला मीटर लावून रंग जुळवले नाहीत, तर एवढा महागडा टीव्ही घेतला तरी कशाला, असा त्यांचा सवाल. अकोला-वाशीम रस्त्यावरच्या आमच्या मालेगावात (सिनेमे काढणारं ते नाशिकचं, आमचं सोयाबीनचं) पहिल्या पक्षाचं बहुमत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मोठा पडदा घेण्याचा मोह आता आमच्याकडेही वाढला आहे. तेव्हा या वादाचा निकाल लावायला हरकत नाही.

कंपनी टीव्ही सेट करून पाठवते, हे खरंच आहे. कशासाठी सेट करते, हे दुकानदार सांगत नाही. डझनभर टीव्ही भिंतीवर रांगेनं झळकत असतात, वर दिव्यांचा लखलखाट असतो. तिथे गिऱ्हाइकाची नजर जास्त उजळ आणि जास्त निळसर पडद्याकडेच वळते. म्हणून ‘व्हिविड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोडमध्ये पांढरा रंग निळ्याकडे ओढलेला असतो, हिरवा भडक केलेला असतो, कडा कोरून काढलेल्या असतात. क्रिकेटचं मैदान मग असं हिरवं दिसतं, की ऑगस्टमधलं ऐन भरातलं सोयाबीनही त्यापुढे फिकं पडावं. यंत्र नवं कोरं आहे म्हणजे ते बिनचूक आहे, हा युक्तिवाद निदान आमच्या गावात तरी कुणी करू नये. सोयाबीनचा ओलावा मोजणाऱ्या मीटरनं एखादा टक्का जास्त दाखवला, तर तो नवा आहे म्हणून बाजारात कोणता शेतकरी मुकाट्यानं मान डोलावतो?

‘पण आम्हाला तसंच आवडतं’ हा पुढचा बचाव. आवडीवर वाद नाही. भाजीत तिखट किती घालावं ते ज्याचं त्यानं ठरवावं. मात्र पडद्यावरच्या रंगाला आवडीपलीकडे एक ठरलेलं माप आहे. हाय-डेफिनिशन टीव्हीसाठीची आंतरराष्ट्रीय शिफारस १९९० साली आली. तिच्यात पांढरा म्हणजे ‘डी-६५’, साधारण ६५०० केल्विनचा प्रकाश, हे नमूद आहे. चित्रपटाचे किंवा मालिकेचे रंग ज्या मॉनिटरवर पक्के होतात तो याच मापाला लावलेला असतो. हळदीच्या समारंभात नवरीच्या गालाचा रंग कसा दिसावा, हे त्या खोलीत कुणीतरी विचार करून ठरवलेलं असतं. टीव्ही ते परस्पर बदलतो. २०१८ च्या डिसेंबरात टॉम क्रूझनं व्हिडिओ काढून टीव्हीतलं ‘मोशन स्मूदिंग’ बंद करा म्हणून लोकांना विनवलं. सेकंदाला २४ चित्रांचा सिनेमा त्या सोयीमुळे स्वस्त मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो, ही त्याची तक्रार होती. पुढच्याच वर्षी काही कंपन्यांनी दिग्दर्शकांना सोबत घेऊन ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला. कंपनीची मूळ सेटिंगच बरोबर असती, तर हा वेगळा मोड लागलाच नसता.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. माप आहे हे त्याचं म्हणणं मी मान्य केलं. त्यावरून तो जो सल्ला देतो, तो मान्य नाही.

कॅलिब्रेशन करणारा पडद्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पट्ट्या एकेक करून आणतो, मीटरनं प्रत्येकीचा प्रकाश मोजतो आणि लाल-हिरवा-निळा यांचं प्रमाण ठरलेल्या मापाशी जुळवत जातो. चूक ‘डेल्टा ई’ या आकड्यात मोजतात. तो तीनच्या खाली आला, की चालत्या चित्रात उरलेला फरक डोळ्याला सहसा कळत नाही. काम कसबाचं आहे, त्याबद्दल आदर आहे. पण ते कोणत्या खोलीसाठी होतं? अंधुक उजेडाच्या, पडदे ओढलेल्या. रंग पक्के करणाऱ्यांच्या खोलीत पांढरा साधारण १०० निट (हे उजळपणाचं माप) इतकाच उजळ ठेवतात. आमच्या बैठकीच्या खोलीत दार दिवसभर सताड उघडं, एप्रिलचं ऊन थेट फरशीवर, आणि संध्याकाळी सातला ट्यूब लागते. ट्यूब लावली-विझवली, की चित्रात पडणारा फरक तज्ज्ञानं काढलेल्या शेवटच्या चुकीपेक्षा कितीतरी मोठा असतो. शिवाय साधं चित्र, एचडीआर आणि डॉल्बी व्हिजन यांची जुळणी वेगवेगळी करावी लागते आणि पडदा जुना होत जातो तसे रंग पुन्हा हलतात. एकदा पैसे मोजले की आयुष्यभराची निश्चिंती, असं इथे नाही.

आणि पाहायचं काय? डीडी फ्री डिशवरच्या बहुतेक वाहिन्या अजून ७२० बाय ५७६ ठिपक्यांच्या साच्यात येतात. तेच चित्र ताणून ५५ इंचांवर पसरायचं. दाबून पाठवलेल्या चित्रातले चौकोन मीटरला दिसत नाहीत, मग तो ते काढणार कसे? अंधाऱ्या खोलीत ओएलईडी किंवा प्रोजेक्टर लावून केवळ सिनेमाच पाहणारा कुणी असेल, तर त्यानं खुशाल तज्ज्ञ बोलवावा. माझा आक्षेप तो सल्ला सरसकट सगळ्यांना देण्यावर आहे.

मग करायचं काय? रिमोट उचलायचा आणि मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ करायचा. रंगाचा कल ‘वॉर्म’. शार्पनेस खाली, मोशन स्मूदिंग बंद. उजेड मात्र आपल्या खोलीप्रमाणे, दिवसा वेगळा आणि रात्री वेगळा. दुसऱ्या कुणाच्या टीव्हीचे बारीकसारीक आकडे उतरवून घेऊ नयेत, कारण एकाच मॉडेलचे दोन पडदेही तंतोतंत सारखे नसतात. एवढ्यानं चुकीचा मोठा भाग जातो, आणि तोही फुकटात.

यावर घरातून हमखास येणारी तक्रार: ‘टीव्ही पिवळा पडला.’ तिचं खंडन आपल्याच भिंतीवर आहे. आपल्याकडच्या ‘कूल डेलाइट’ ट्यूबच्या खोक्यावर ६५०० के असं छापलेलं असतं, म्हणजे नावापुरतं तरी तेच माप. रात्री ट्यूब लावावी, पडद्यावर कोरा पांढरा रंग आणावा आणि शेजारी ट्यूबच्या उजेडात पांढरा कागद धरावा. ट्यूब ट्यूबमध्ये फरक असतो, त्यामुळे ही काही प्रयोगशाळा नव्हे. पण ‘व्हिविड’मधला पांढरा त्या कागदाशेजारी किती निळा आहे, हे सांगायला मीटर लागत नाही. ‘वॉर्म’ आठवडाभर तसाच ठेवावा. डोळा सरावतो, आणि मग जुना मोड परत लावला तर सगळ्यांचे चेहरे थंडीनं काकडल्यासारखे दिसतात.

मालेगावात मीटरची खरी गरज असलेला माणूस आहे, पण तो टीव्हीसमोर बसलेला नाही. तो लग्नाचे फोटो काढणारा स्टुडिओवाला. त्याच्या मॉनिटरवर शालू डाळिंबी दिसतो, लॅबमधून अल्बम येतो तो विटकरी, आणि नवरीच्या आईला उत्तर त्यालाच द्यावं लागतं. त्याच्या रंगाला गिऱ्हाईक आहे, पैसा आहे, भांडणही आहे. कॅलिब्रेशनचा खर्च त्यानं करावा आणि वर्षातून दोनदा तरी करावा.