खिशात मावणारा पतंग आणि ॲपवरचे १५ नॉट

तुमच्या फीडमध्येही ती रील येऊन गेली असेल. एक माणूस छोट्याशा बोर्डवर उभा, बोर्ड पाण्यापासून अर्धा मीटर वर तरंगतोय, हातात पतंगासारखं कापड. मागून लाट येते. तो दोऱ्या ओढून कापड गोळा करतो, कमरेच्या पाऊचमध्ये कोंबतो आणि मोकळ्या हातांनी लाटेवरून निघून जातो. दहा सेकंदांत खेळ खल्लास. खाली कमेंट: "भाई, हे कुठं मिळतं आणि कोणता साइझ घेऊ?"

हे पॅराविंग. मी ते सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत वापरतो आणि माझाही पहिला प्रश्न साइझचाच होता. आज सांगायचं झालं तर तो तिसरा प्रश्न असायला हवा. का, ते सांगतो.

आधी थोडक्यात ओळख. बोर्डच्या खाली खांब आणि त्याला पाण्यात चालणारे छोटे पंख, हे फॉइल. वेग आला की पंख लिफ्ट देतात आणि बोर्ड पाण्याबाहेर येतो. ओढायला वर काहीतरी लागतं. आधी काइट होता, मग हवा भरून हातात धरायचा इन्फ्लेटेबल विंग आला. २०२४ मध्ये हवाईच्या माउई बेटावरच्या बीआरएम या छोट्या कंपनीनं पॅराविंग बाजारात आणलं आणि वर्षभरात ओझोन, फ्लायसर्फर, ड्युओटोन असे सगळे मागे धावले. कल्पना तशी जुनीच. फ्रान्सिस रोगॅलो आणि त्याची बायको गर्ट्रूड यांनी १९४८ मध्ये कापडाच्या लवचीक पंखाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, आणि जेमिनी यान जमिनीवर उतरवायला तो वापरता येईल का, हे नासानं १९६० च्या दशकात तपासलं. पॅराविंग हा शब्दही त्याच काळातला.

आजचं पॅराविंग म्हणजे बहुतेक वेळा कापडाचा एकच थर, बारीक दोऱ्यांच्या रांगा आणि हाताएवढा एक बार. हवा भरायची नाही, पंप नाही. म्हणून ते खिशात मावतं. आणि म्हणूनच ते तरंगत नाही. हे दुसरं वाक्य रीलमध्ये कुणी सांगत नाही.

वारा दीडपट, ओढ सव्वादोनपट

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. १२ नॉटचा वारा १८ झाला (म्हणजे ताशी २२ किलोमीटरचा ३३) तर वेग दीडपट, पण ओढ सव्वादोनपट. आता ॲपवर "१४, झोत २४" असं दिसतं तेव्हा हिशोब करा. २४ भागिले १४, त्याचा वर्ग, जवळजवळ ३. म्हणजे १४ नॉटला हातात बरोबर बसणारं ५ मीटरचं पॅराविंग झोत आला की १५ मीटरच्या पॅराविंगसारखं ओढतं. इन्फ्लेटेबल विंग अशा वेळी पुढच्या हँडलला धरून झेंड्यासारखा सोडून देता येतो. पॅराविंगलाही पुढच्या दोऱ्या धरून ढील देता येते, पण ते फडफडायला लागतं, चुरगळतं, आणि ओल्या दोऱ्यांचा गुंता व्हायला एवढं पुरतं. म्हणून प्रत्येक साइझची वापरण्याजोगी रेंज इन्फ्लेटेबलपेक्षा अरुंद असते. कंपनीच्या पानावर रुंद छापलेली असते, तो भाग वेगळा.

दुसरी गंमत स्वतःच्या वेगाची. १५ नॉट वाऱ्यात तुम्ही आडवे १५ नॉटनी गेलात की अंगावर लागणारा वारा २१ नॉट होतो आणि ओढ दुप्पट. तेच वाऱ्याच्या दिशेनं १२ नॉटनी गेलात तर उरतो ३ नॉट, आणि पॅराविंग गपकन खाली बसतं. त्यामुळे वाऱ्याबरोबर लाट पकडली की ते गोळा करून ठेवणं हा स्टंट नाही, तेव्हा ते तसंही काही कामाचं नसतं.

थोडक्यात, पाण्यातून उठायला मोठं पॅराविंग हवं असतं आणि उठल्यावर छोटं. हातात मात्र एकच असतं. यावर लोक आणखी एक साइझ विकत घेतात. माझं मत उलट आहे: आधी पैसे पाण्याखाली घाला. मोठा पुढचा पंख आणि लांबट बोर्ड असेल तर कमी ओढीत उठता येतं, आणि मग एक साइझ छोटं पॅराविंग पुरतं. माझं वजन ७२ किलो. माझ्याकडे ४ मीटरचं आहे, साधारण १५ ते २१ नॉटला चालतं. त्याखाली ५ आणि त्यावर ३ लागतं. तुम्ही ९० किलोचे असाल तर माझे आकडे विसरा, आणि ६० चे असाल तरीही.

पण १५ नॉट म्हणजे नक्की कुठले १५?

आता माझ्या धंद्यातला मुद्दा. ॲपवर जो आकडा दिसतो तो कुणी मोजलेला नसतो, मॉडेलनं काढलेला असतो. अमेरिकेचं जीएफएस मॉडेल जमिनीचे साधारण १३ किलोमीटरचे चौकोन पाडतं, युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ ९ किलोमीटरचे. गोल्डन गेट पुलाचा मधला गाळा १.२८ किलोमीटरचा आहे. खाडीचा सगळा वारा ज्या फटीतून येतो ती फट चौकोनात दिसतच नाही! अमेरिकेपुरतं एचआरआरआर नावाचं ३ किलोमीटरचं मॉडेल आहे, दर तासाला नवं येतं. इथं तेच बघावं. ॲप तेच ठेवा, आतला मॉडेलचा पर्याय बदला. अर्ध्या लोकांना तो पर्याय आहे हेच माहीत नसतं.

शिवाय मॉडेलचा वारा १० मीटर उंचीवरचा धरलेला असतो. पॅराविंग तुमच्या डोक्याच्या जरा वर उडतं, तिथं वारा कमी असतो.

आणि ॲपमध्ये पाणी स्थिर असतं. खाडीत ते वाहतं. वारा पश्चिमेकडून आत येतो, ओहोटीचा प्रवाह पश्चिमेकडे बाहेर जातो. ३ नॉटच्या ओहोटीत १५ नॉट वारा पाण्याच्या हिशोबानं १८ होतो. भरतीत पाणी वाऱ्याबरोबर वाहतं, तोच वारा १२ होतो. वरचा हिशोब आठवा: १२ आणि १८ मध्ये ओढ सव्वादोनपट. ॲपवर दोन्ही दिवशी १५ लिहिलेलं असेल, ग्रुपवर एक जण म्हणेल "मस्त पॉवर होती" आणि दुसरा म्हणेल "उठताच आलं नाही".

त्या संध्याकाळी

मागच्या उन्हाळ्यात क्रिसी फील्डवर ओहोटी जोरात होती. मीटिंग संपवून पाचला पोचलो, ४ मीटरचं पॅराविंग झक्क ओढत होतं. मला वाटलं साइझ एकदम परफेक्ट निवडलाय. त्यातले निदान तीन नॉट ओहोटीचे होते हे डोक्यातच आलं नाही. साडेसहाच्या सुमारास धुक्याची चादर आत सरकली आणि वारा १० च्या खाली गेला. पॅराविंग खाली बसलं, भिजलं, मी पाण्यात.

माझा बोर्ड ६५ लिटरचा. लिटर म्हणजे ढोबळमानानं तेवढे किलो तो तरंगवतो. ७२ किलोचा मी आणि ओला वेटसूट वर चढलो की बोर्ड पाण्याखाली. इन्फ्लेटेबल विंग असता तर त्यावर छाती टेकून पोहत आलो असतो. इथं हातात ओल्या कापडाचा बोळा होता, आणि जोराच्या ओहोटीत गोल्डन गेटचं पाणी ४ नॉटच्या वर वाहतं, म्हणजे ताशी साडेसात किलोमीटर. भराभर चालणाऱ्या माणसाइतकं. माणूस पोहून त्याच्याशी जिंकत नाही.

पूल मोठा होत जाताना दिसतो, तेव्हा गणित लवकर समजतं. मी पॅराविंग पाऊचमध्ये कोंबलं, बोर्डवर पोटावर पडलो आणि प्रवाहाशी न भांडता सरळ किनाऱ्याकडे, म्हणजे प्रवाहाच्या काटकोनात, हात मारत राहिलो. टॉर्पिडो वार्फच्या अलीकडे वाळू लागली. दीड किलोमीटर ओला चालत गाडीपर्यंत आलो. फोन गाडीत होता. त्यावर वारा अजूनही १५ च दाखवत होता.

तेव्हापासून माझा क्रम असा आहे. पहिला प्रश्न: वारा गेला तर मी पाण्याबाहेर कसा येणार? याचं उत्तर बोर्डमध्ये असतं. सुरुवातीला बोर्ड तुमच्या वजनापेक्षा निदान २०-३० लिटर जास्त हवा. लहान बोर्ड रीलमध्ये छान दिसतो. दुसरा प्रश्न: पाणी कुठं चाललंय? अमेरिकेत नोआ संस्थेच्या साइटवर प्रवाहाच्या वेळा फुकट मिळतात. मग साइझ.

हातातली गोष्ट

पतंगाची कन्नी बांधलेल्या माणसाला पॅराविंग लवकर कळतं. बारच्या पुढच्या टोकाशी पुढच्या दोऱ्या असतात, मागच्या टोकाशी मागच्या. मागचा हात ओढला की पॉवर, सोडला की कमी. घाबरलं की माणूस दोन्ही हात छातीशी ओढतो आणि नेमकी पॉवर वाढवतो. ही सवय जमिनीवर, हलक्या वाऱ्यात, मोकळ्या मैदानात मोडा. गोळा करायचा सरावही तिथंच करा, निदान पन्नास वेळा: पुढच्या दोऱ्या धरल्या, ओढ गेली, हात आलटून पालटून कापडापर्यंत आलो, बोळा केला. पाण्यात पडलं तर आधी दोऱ्यांपासून पाय बाजूला, मग एका टोकानं कापड उचलून पाणी निथळू द्यायचं. घाईत बार ओढला तर पाण्यानं भरलेलं पोतं ओढल्यासारखं होतं. दोरी फॉइलच्या खांबाला गुंडाळली गेली तर कापायला हुक नाइफ जवळ असावी. माझ्या जॅकेटला आता आहे.

अलिबागचं काय?

माझ्या मामेभावाचा मेसेज आला होता: "दादा, अलिबागला चालेल का रे हे?" प्रश्न बरोबर आहे. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, सॅन फ्रान्सिस्कोचा वारा त्याच खाऱ्या वाऱ्याचा मोठा भाऊ आहे. आतली दरी तापते, समुद्राची थंड हवा आत ओढली जाते. कोकणात फेब्रुवारी ते मे दुपारनंतर वायव्येचा वारा असतो, बऱ्याच दुपारी १० ते १५ नॉटच्या घरात. म्हणजे मोठं पॅराविंग, मोठा फॉइल, मोठा बोर्ड. तो तिरका का होईना, किनाऱ्याकडे ढकलतो, हे चांगलं. सकाळचा मतलई समुद्रात ढकलतो, तेव्हा अजिबात नाही. पावसाळ्यात तर विषयच नको.

पण अलिबागला खरी अडचण वाऱ्याची नाही. फॉइलचा खांब ७५-८५ सेंटिमीटरचा असतो, कमरेच्या वर पाणी हवं. तिथं ओहोटीला माणसं कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जातात. शिवाय नवं सामान घ्यायचं तर काही लाख रुपये जातात, आणि पाण्यात तुम्हाला आणायला येणारी बोट त्या हिशोबात नसते.

मी त्याला लिहिलं, आधी तुझ्या सुट्टीच्या दिवशीचं भरतीचं वेळापत्रक पाठव. स्क्रीनशॉट आला. सुकती दुपारी सव्वाचारला, म्हणजे नेमकी वारा भरात असताना. खाली मेसेज: "दादा, मग पाणी येईपर्यंत वडापाव?"